संघदीपचं हौ

दिग्रसमध्ये संघदीपचा आवाज ओळखत नाही असं माणूस शोधून सापडणार नाही. तोंड ओळखणारे त्या मानानं कमी. बाजारपेठेतून तो ऑटो फिरतो ना, टपावर भोंगा बांधलेला, ‘या, या, या! एका साडीवर एक साडी मोफत!’ करत, त्या भोंग्यातला आवाज म्हणजे आमचा संघदीप. ऑटो पिंटूचा, आवाज संघदीपचा. बस स्टँडजवळच्या साडीवाल्याचं रेकॉर्डिंग तोच करणार आणि त्या साडीवाल्याच्या नाकासमोर दुकान थाटलेल्या दुसऱ्या साडीवाल्याचंही तोच. दोघंही ‘दिग्रसमध्ये एक नंबर’. नगर परिषदेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात तीन उमेदवार उभे होते. तिघांनाही प्रचंड बहुमतानं विजयी करा असं संघदीपनंच गावाला सांगितलं, आणि तिघांसाठीही तितक्याच जिव्हाळ्यानं. एक जण निवडून आला. त्याच्या आभाराचं रेकॉर्डिंग करून हा पोट्टा पडलेल्या दोघांकडे चहा प्यायला गेला, आणि त्यांनी पाजलाही!

“असा कसा बे तू?” पिंटू त्याला म्हणायचा. “कोणाले तरी नाही म्हणत जाय.”

“हौ,” संघदीप म्हणायचा.

हे ‘हौ’ म्हणजे संघदीपचं अर्धं आयुष्य. आमच्याकडे सगळेच हौ म्हणतात, पण ते होकार असेल तेव्हा. संघदीप सगळ्यालाच म्हणतो. शाळेत कबड्डीच्या वेळी दोन्ही संघांनी ‘आमच्याकून खेळ’ म्हटलं तर दोघांनाही हौ, मग पहिला डाव इकडून, दुसरा तिकडून, आणि दोन्हीकडच्यांचा मार एकट्याला. लग्नात मुलाकडच्यांनी ‘जेवून जा’ म्हटलं की बसला पंगतीत, मुलीकडच्यांनी म्हटलं की पुन्हा बसला. त्याची आई मथुराबाई म्हणते, हा पोटात असतानाही लाथ मारत नव्हता.

आता माझं सांगते. नाव मैत्रेयी, आणि मैत्री टिकेल तर शपथ. वादविवाद हा माझा श्वास आहे असं मी बायोडेटात लिहिते, घरचे त्याला कटकट म्हणतात. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते, आमच्या कॉलेजच्या वादविवाद मंडळाची सचिव होते, आणि यवतमाळच्या त्या जिल्हास्तरीय स्पर्धेचा फिरता करंडक एकदा तरी दिग्रसला आणायचा असा मी चंग बांधला होता. स्टेजवर मी एकदम शुद्ध बोलते. राग आला की मात्र माझी भाषा दिग्रसवर येते, आणि मला राग बम लवकर येतो. या गोष्टीत तो पुष्कळदा येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

या स्पर्धेची एक गंमत आहे. प्रत्येक कॉलेजातून दोघंच जातात. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात, आणि दोघांचे गुण एकत्र धरून करंडक. म्हणजे एका डब्यात जेवायचं, एका बाकावर तयारी करायची, आणि स्टेजवर जाऊन एकमेकांचं म्हणणं उभं फाडायचं. जोडीदार हाच विरोधक. जोडीदार कच्चा असला तर आपण कितीही तुटून पडा, करंडक गेला. माझी जोडीदार होती दिपाली. वाघीण होती नुसती! ती ऐन वेळी पोलीस भरतीत लागली आणि मी उघडी पडले.

देवसिंग सर आमचे मंडळाचे प्रमुख. राज्यशास्त्र शिकवतात. वेळ संपल्याची खूण करायला त्यांच्याकडे बैलाच्या गळ्यातली घंटी असते, त्यांच्या वडिलांच्या जोडीतली. ती घंटी हलवत सर म्हणाले, “आवाज पाहिजे मैत्रेयी. मुद्दे आपण भरू. आवाज कुठून आणशील?”

त्याच क्षणी खिडकीखालून पिंटूचा ऑटो गेला. ‘या, या, या!’ सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. संघदीप आमच्याच कॉलेजात एमएला होता, हे आम्हाला दोघांनाही हजेरीपटावरून तेव्हाच कळलं.

मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो गोधडीखाली होता. दिवसाढवळ्या! घरामागं कापसाचं जिनिंग, तिथली धडधड आणि शेजारच्या बकऱ्या रेकॉर्डिंगमध्ये येतात म्हणून हा महाशय दोन गोधड्या डोक्यावरून घेऊन आत मोबाइलवर बोलत असतो. मी गोधडी ओढली. आत घामानं निथळलेला, चष्मा धुरकटलेला, गोड हसणारा एक चेहरा.

“वादविवाद स्पर्धेत बोलशील का?”

“हौ.”

मला केवढा आनंद झाला! नंतर कळलं, त्याच सकाळी त्यानं भजनी मंडळालाही हौ म्हटलेलं होतं.

यंदाचा विषय व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा आम्ही तिघं स्टाफरूममध्ये उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होतो. सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला: या सभागृहाचे असे मत आहे की, शिकलेल्या तरुणांनी गाव सोडू नये.

मी लगेच वाटणी केली. गाव सोडू नये, ही बाजू सोपी. माती, माय, माणुसकी म्हटलं की सभागृहाचे डोळे पाणावतात. ती नवख्या संघदीपला. गाव सोडावं, ही अवघड बाजू मला. संघदीप म्हणाला, “हौ.” सर म्हणाले, “चला, लागा.”

आणि लागली वाट! वादविवाद म्हणजे समोरच्याचा मुद्दा खोडणं. मी पहिला मुद्दा मांडला की शिकलेल्याला इथं शिक्षणाजोगं काम नाही. “खोड,” सर म्हणाले. संघदीप उभा राहिला, घसा साफ केला, त्या सोन्यासारख्या आवाजात म्हणाला, “बरोबर हाय इचं.” आणि बसला.

“अरे, बरोबर हाय म्हनाचं नाही!” मी ओरडले. “तू विरोधक हायेस माहा!”

“हौ.”

“हौ नाही! नाही म्हण. म्हण, नाही.”

“हौ, म्हन्तो.”

सरांनी घंटी कपाळावर आपटून घेतली.

मग त्याला ‘नाही’ शिकवायची मोहीम निघाली. सरांची कल्पना होती की बाजारात सराव करावा, तिथं नाही म्हणायला भरपूर वाव असतो. आम्ही त्याला भाजीवालीकडे पाठवलं, म्हटलं ती काहीही घे म्हणाली तरी नाही म्हणायचं. परत आला तेव्हा पिशवीभर वांगी, आणि वर ती म्हातारी त्याच्या हाती नातवाच्या बारशाचं आमंत्रण देऊन मोकळी. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे पाठवलं. दाढी फक्त, बाकी काही म्हणाला तर नाही. महाशय आले ते फेस मसाज करून, मिशीला काळं लावून, डोक्यावर असा फुगा काढून की देवसिंग सरांनी त्याला ओळखलंच नाही, ‘काय काम आहे भाऊ?’ म्हणून विचारलं. मी रागानं हसत होते की हसून रागावत होते मला समजत नव्हतं. पोट धरून बाकावर पडले. तोही माझ्याबरोबर हसला, कारण मी हसत होते.

खरं सांगू? ते दिवस फार भारी होते. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापूस, केसांत कापूस, आम्ही बाकावर समोरासमोर, मधे तुरीच्या शेंगांचा ढीग. मी बोलत सुटायचे आणि तो ऐकायचा. असं ऐकणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या घरी मी तोंड उघडलं की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. संघदीप माझा शब्दन्‌शब्द पिऊन घ्यायचा, मधेच थांबून विचारायचा, “ते मघाचं पुन्हा सांग बरं.” आणि मला अजून चेव यायचा. मुद्दे असे सुचायचे की माझे मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. घरी जाताना मी रस्त्यानं एकटीच हातवारे करत जायचे. इतकी की पिंटूनं एकदा ऑटो थांबवून विचारलं, “ताई, तब्येत ठीक हाय ना?”

एका दुपारी तर मी कळसच केला. सर म्हणाले, आज पूर्ण भाषण कर, थांबू नको. मी उभी राहिले. म्हटलं, काय आहे इथं? कापूस आला तर गाड्यांची रांग, नाही आला तर माणसांची. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक जागा निघते आणि अख्खा जिल्हा अर्ज करतो. ज्याच्या अंगात गुण आहे त्यानं इथं करायचं काय? भोंग्यात तोंड घालून साड्या विकायच्या? जा! बॅग भरा आणि जा! गाव कुठं पळून जात नाही, वय पळून जातं!

सरांनी घंटी टाकून टाळ्या वाजवल्या. मी घामाघूम, आनंदानं नुसती फुललेली. संघदीपकडे पाहिलं तर तो शेंग हातात धरून बसलेला, सोलायचा विसरलेला.

“खोड आता,” मी म्हटलं.

“नाही खोडता येत,” तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, वा, निदान ‘नाही’ तरी आलं तोंडातून! माझं डोकं तेव्हा कुठं चरायला गेलं होतं कोणास ठाऊक.

दोन-चार दिवसांनी मथुराबाई आमच्या घरी आल्या. हातात पेढ्यांचा डबा. मला पाहताच त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

“पोरी, तुह्या तोंडात साखर पडो! माहा भाऊ पुण्याले बलावून-बलावून थकला. कंपनीत लावून देतो म्हने. हा दरवेळी हौ म्हने अन् इथंच राहे. तू काय जादू केली बाई? परवा सोताहून फोन केला मामाले. तिकीटही काढलं. यवतमाळवरून ट्रॅव्हल्स हाय, तुमची स्पर्धा झाली का त्याच संध्याकाळी.”

मी पेढा तोंडात घातलेला होता. तो तसाच गालात धरून मी नोकरीची सगळी चौकशी करून घेतली.

मामा मूळचे फुलसावंगीचे, पुण्यात बरीच वर्षं स्थिरावलेले, मनानं चांगला माणूस. नोकरीही चांगली. सगळं चांगलंच होतं. मग मला एवढं वाईट का वाटलं? बाजारपेठेतून ऑटो जाईल आणि आत दुसऱ्याच कोणाचा आवाज असेल, एवढंच डोळ्यांसमोर आलं आणि मला चक्क रडू फुटलं. आईनं विचारलं काय झालं, मी म्हटलं पेढ्यात वेलची जास्त आहे.

तशीच उठले आणि त्याच्या घरी. गोधडी ओढली.

“काहून जाऊन राह्यला तू पुण्याले?”

तो डोळे मिचकावत बाहेर आला. “तूच तं म्हटलं.”

“मी? मी कवा म्हटलं?”

“रोज. चार-चार वेळा. गाव कुठं पळून जात नाही म्हने, वय पळते. मी घरी येऊन लय विचार केला मैत्रेयी. तुहे मुद्दे खोडताच आले नाही मले.”

“अरे गाढवा, ती माही बाजू होती! बाजू! वाटणीत दुसरी घेतली असती तं दुसरी बोल्ली असती मी!”

“पन बरोबर होतं ना?”

आता काय सांगू याला? वादविवादात आपण बोललेलं कोणी खरं करून बसेल हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेलं नसतं. परीक्षकांना पटवायचं असतं, सभागृहाला पटवायचं असतं. मी माझ्याच जोडीदाराला पटवून बसले होते! जिल्ह्यातल्या स्पर्धांच्या इतिहासात असा पराक्रम दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना जाहीर केलं की बाजू बदलायची. गाव सोडू नये, हे मी बोलणार. गाव सोडावं, हे संघदीप.

“स्पर्धा तोंडावर आली!” सर ओरडले. “तुले येड लागलं का?”

“सर, तात्त्विक कारण आहे.”

“कोणतं?”

“तेच शोधून राह्यली.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग संघदीपकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि त्यांना एकाएकी खोकला आला. म्हणाले, ठीक आहे, लागा.

मग मी जे लागले म्हणता! आधी गाव सोडावं म्हणून मी जेवढं रान उठवलं होतं त्याच्या दुप्पट आता उठवलं. इथल्या माणसाचा आवाज इथंच ओळखला जातो म्हटलं. पुण्यात गर्दीला तोंड नसतं म्हटलं. तिथं तुरीच्या शेंगा विकत घ्याव्या लागतात म्हटलं. माझ्याच जुन्या मुद्द्यांना मी असं धोपटलं की सर म्हणाले, “अगं, जरा दम खा.” आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी मी संघदीपला विचारायचे, “पटलं का?”

“हौ. हेही बरोबर हाय.”

“मंग राह्यशील?”

“हौ.”

“तिकिटाचं काय?”

“ते हाय ना.”

“रद्द करशील?”

“हौ.”

मी हवेत तरंगत घरी यायचे. संध्याकाळी मामाचा फोन यायचा, येतोस ना? हौ. मथुराबाई विचारायच्या, लाडू रव्याचे करू का बेसनाचे? हौ. एकाच दिवशी तो जाणारही होता आणि राहणारही होता. साडीच्या दोन दुकानांसारखं! माझं डोकं भणभणायला लागलं. बरं, वर स्पर्धेची भीती वेगळीच. एवढं सगळं पटल्यावर हा स्टेजवर माझ्या विरोधात बोलणार काय? कप्पाळ?

स्पर्धेच्या सकाळी दिग्रस स्टँडवर मी आणि सर आधीच पोचलो. संघदीप आला. पाठीवर ही एवढी बॅग. हातात लाडवांचा डबा, बगलेत गुंडाळलेली गोधडी. एसटीत मी खिडकीशी बसले आणि आर्णी येईपर्यंत तोंड बाहेरच ठेवलं. तो मागून म्हणाला, “रागावली का?” मी म्हटलं, “नाही.” तो म्हणाला, “हौ.”

यवतमाळचं ते सभागृह गच्च भरलेलं होतं. मोठ्या-मोठ्या कॉलेजांची पोरं, इस्त्रीचे कोट, पाठ केलेल्या कविता. आमचा नंबर शेवटून दुसरा. संघदीपनं बॅग आणि गोधडी स्टेजच्या पायरीशीच ठेवली, दुसरीकडे जागाच नव्हती. माझं नाव पुकारलं गेलं. मी गेले आणि बोलले. कशी बोलले? आयुष्यात तशी बोलले नाही. मी परीक्षकांकडे पाहिलंच नाही. सगळं भाषण त्या पायरीवरच्या बॅगेकडे बघून केलं. शेवटी म्हणाले, “जाणाऱ्याला रस्ता सापडतोच. पण तो गेल्यावर इथं काय रिकामं होतं ते त्याला कोणी सांगत नाही. मी सांगते आहे. गाव सोडू नका.” सभागृहानं असा टाळ्यांचा पाऊस पाडला की मी खाली उतरताना त्याच बॅगेला अडखळले. देवसिंग सर रुमालानं चष्मा पुसत होते.

मग संघदीप. माइकसमोर गेला, आणि सवयीनं त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “या, या, या!” सभागृह खो-खो हसलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

“अध्यक्ष महाशय,” तो म्हणाला, “माझ्या आधीच्या वक्त्या जे म्हणाल्या ते सगळं बरोबर आहे.”

सरांचा हुंदका मला ऐकू आला.

“दोन आठवड्यांपूर्वी याच वक्त्या मला नेमकं उलटं सांगत होत्या. तेही बरोबर होतं.” पुन्हा हशा. तो हसला नाही. “माझे मामा म्हणतात, पुण्याला ये. बरोबर आहे. आई म्हणते, जा. बरोबर आहे. मित्र म्हणतात, थांब. त्यांचंही बरोबर आहे. आणि आज या सभागृहाचं मत आहे की मी गाव सोडू नये. हे सभागृह मला ओळखत नाही. माझं नाव आत्ता पाच मिनिटांपूर्वी ऐकलं. तरी त्याचं माझ्याबद्दल मत आहे.”

आता हसायला कोणी तयार नव्हतं. तो आवाज! भोंग्यातून तो आम्ही हजारदा ऐकला होता, पण साड्यांशिवाय पहिल्यांदाच ऐकत होतो.

“मी गावातल्या सगळ्यांचं बोलतो, महाशय. दुकानदारांचं बोलतो, उमेदवारांचं बोलतो. लोकांनी लिहून दिलेलं इतकं बोललो की माझं एक वाक्य असं माझ्याजवळ नाही. जा म्हणणारे भेटले, राहा म्हणणारे भेटले. तुझ्या मनात काय आहे, असं विचारणारा एक माणूस मला आजवर भेटला नाही. गाव सोडावं की सोडू नये, हा प्रश्न तरुणाचा आहे. तो सभागृहाचा नाही. म्हणून मी या ठरावाला विरोध करतो. मी सभागृहाला सांगतो, नाही. मामाला सांगतो, नाही.” आणि मग तो वळला, सरळ माझ्याकडे. “आणि मैत्रेयी, तुलेही. नाही.”

मला ते लागलं. इथं, छातीत, ठक्‌कन. ज्या ‘नाही’साठी मी पिशवीभर वांगी खाल्ली होती, ते आलं आणि माझ्याच वाट्याला आलं. मी तोंडावर हात धरून बसले होते, हसत होते की रडत होते देव जाणे, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. परीक्षकांतले एक जण वेळेची घंटा वाजवायची विसरले ते विसरलेच. ती आमच्या देवसिंग सरांनी वाजवली, प्रेक्षकांतून, बैलाची.

करंडक दिग्रसला मिळाला. संघदीप वक्त्यांत पहिला, मी दुसरी. मला याचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण तो करंडक हातात घेऊन मी स्टेजवर इतक्या उड्या मारल्या की त्याचं झाकण निसटून अध्यक्षांच्या पायावर पडलं.

बाहेर आलो. सर आलुबोंडे आणायला टपरीकडे धावले, करंडक बगलेत मारून. उन्हं उतरली होती. ट्रॅव्हल्स सुटायची वेळ झालेली, रस्त्यापलीकडे गाडी लागलेलीच होती, पोऱ्या ‘पुणे, पुणे, पुणे’ ओरडत होता. संघदीप पायाशी बॅग ठेवून उभा. माझ्या जिभेवर शंभर मुद्दे आले. लोहारा, तुरीच्या शेंगा, भोंगा, सगळे. मी ते गिळले. किती कठीण गेलं म्हणून सांगू! अख्ख्या जन्मात मी मुद्दे गिळले नव्हते.

“संघदीप,” मी म्हटलं, “तुह्या मनात काय हाय?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी गप्प राहिले. पोऱ्या ओरडत होता, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मी गप्प.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मामा.

“नाही मामा,” तो म्हणाला. “नाही, गाडी चुकली नाही. गाडी इथंच हाय. मीच नाही येऊन राह्यलो... नाही, तब्येत चांगली हाय... नाही मामा, कोनी नाही भडकवलं. पुढं येईनही कदाचित. माह्या मनानं येईन. लाडू? लाडू आमी खाऊ.”

फोन ठेवला आणि घाम पुसला. ट्रॅव्हल्स आमच्यासमोरून निघून गेली.

“मले भोंगा आवडते,” तो म्हणाला. “लोकं हसतात, पन मले आवडते. मले एक खोली पायजे, जिनिंगपासून लांब. गोधडी नको तोंडावर. तिथं मी आपलं काईतरी बोलीन. काय ते अजून माहीत नाही.”

“चांगलं हाय,” मी म्हटलं. माझा आवाज कुठंतरी भलतीकडूनच आला. “अन् अजून काही?”

“हाय एक.”

“काय?”

तो त्याच्या चपलांकडे पाहत होता, त्या सोन्यासारख्या आवाजाचं पार कुजबुजणं झालं होतं. “मले तुह्या विरोधात बोलाचं हाय. रोज. स्पर्धा नसली तरी. पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली, म्हातारे झालो तरी.”

सर आलुबोंड्यांचं पुडकं घेऊन आले होते आणि आम्हाला पाहून रस्त्याच्या पलीकडेच थबकले. मी जिल्ह्यातली दुसऱ्या नंबरची वक्ता. माझ्याकडे उत्तर नाही असा मुद्दा आजवर कोणी मांडला नव्हता. मी तोंड उघडलं, खोडून काढायला एक तरी मुद्दा सापडतो का म्हणून सगळं डोकं धुंडाळलं.

“हौ,” मी म्हटलं.

काय करू? खोडताच आलं नाही मले.